डॉक्टरलाही सांगायचं नाही

चिपळूणहून हवापालटाला कुणी जालना जिल्ह्यात जात नाही. मी गेले, कारण तिथे माझी शकू राहते. डी.एड.ला आम्ही एका खोलीत होतो, एका स्टोव्हवर चहा करायचो आणि एकाच आरशासमोर उभं राहण्यावरून रोज भांडायचो. पुढे मी कोकणात शिकवलं, तिनं मराठवाड्यात. दोघी निवृत्त झालो तशी ती सारखी फोन करून मागे लागली, ‘येतीस का न्हाई?’ शेवटी फेब्रुवारी संपता संपता गेले. परत येऊन आता बरेच दिवस झाले, पण राग काही उतरत नाही. प्रवासावर लिहायचं म्हणजे डोंगर, शेतं, देवळं यांवर लिहावं, एवढं मला कळतं. तेही लिहीन. पण ज्यांच्या घरात तरणी लेक किंवा सून आहे त्यांनी देवळाच्या पुढचं जरा नीट वाचावं.

हसनाबाद

आमच्याकडे गावाला चढ-उतार असतो, घरं झाडांत लपलेली असतात. हसनाबादला सगळं उघड्यावर. नजर टाकाल तिथपर्यंत सपाट शेतं, कापूस निघून गेलेल्या पऱ्हाट्या, मधूनच हिरवा गहू. मी पोचले तेव्हा मोसंबीला बहर आला होता. शकूच्या घरामागेच बाग आहे, आणि त्या फुलांचा वास एवढा की मी पिशवी खाली ठेवायच्या आधी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. “आधी पाणी तं पी,” शकू ओरडली.

जेवायला येसराची आमटी होती. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. ते उकळत्या पाण्यात सोडलं की झणझणीत आमटी होते. नारळाशिवाय आमटी होते आणि ती अशी होते, हे मान्य करायला कोकणातल्या बाईला जड जातं. मी तीनदा वाढून घेतली. सोबत ज्वारीची पातळ भाकरी, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी.

वाढत होती ती शकूची सून रेखा. चोविशीची, हसरी, बोलायला मोकळी. पण सासू आत आली की वाक्य अर्धं सोडायची. शकूचा मुलगा योगेश जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. शकू सुनेला घागर उचलू देत नव्हती, वाकू देत नव्हती. मला फार बरं वाटलं. म्हटलं, वा, आमची शकू चांगली सासू झाली.

“तिला जरा कणकण हाय,” शकू म्हणाली.

धावडा

दुसऱ्या दिवशी आम्ही रेखाच्या माहेरी धावड्याला गेलो. भोकरदन मागे पडलं की जमीन हळूहळू लाटा घ्यायला लागते आणि समोर अजिंठ्याची रांग दिसते. उन्हात करपलेले, उघडे डोंगर. आमच्या सह्याद्रीपुढे ठेंगणे म्हणावे असे, पण इतक्या सपाटीनंतर डोळ्यांना आधार वाटला.

जीपमधून उतरताच रेखा रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी धावले. शकूनं पदरानं वारा घातला आणि म्हणाली, “गाडी लागली.” मी म्हटलं, ही रोज एसटीनं भोकरदनला कॉलेजला जात होती ना, तिला गाडी कशी लागेल? त्यावर शकूनं ऐकलंच नाही असं केलं.

रेखाच्या आईनं चुलीवर धपाटे केले, वर घरचं लोणी. मी खात होते, आणि आत विहीणबाई नि शकू यांची कुजबूज चालली होती. रेखा पाण्याचा तांब्या द्यायला वाकली तेव्हा तिनं पोटाच्या खाली उजव्या बाजूला हात दाबून धरला.

“पोट दुखतंय का ग?” मी विचारलं.

“न्हाई, तसं काही न्हाई,” शकूनं आतून उत्तर दिलं.

हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. सुनेला काहीही विचारा, उत्तर सासू देणार. झोप लागली का, भूक आहे का, साडीचा रंग कोणता आवडतो, सगळी उत्तरं शकूकडे तयार. आमच्याकडच्या सासवा काही गाई नाहीत, पण सुनेचं पोट दुखतं की नाही हे निदान सुनेला सांगू देतात. मी तसं शकूला तोंडावर बोलले. ती हसली. “तुहा स्वभाव बिलकुल बदलला न्हाई बघ,” म्हणाली, आणि विषय संपला.

राजूर

त्यानंतर संकष्टी आली. राजूरच्या गणपतीला जायचं शकूनं आधीच ठरवलं होतं. मला दर्शन घडवायचं म्हणून, असं मी समजत होते. शेजारचे गौतम सर आम्हाला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. ते शकूच्याच शाळेतून निवृत्त झालेले. बौद्ध आहेत, देवळात येत नाहीत, पण त्यांना राजूरला ठिबक सिंचनाच्या नळ्या घ्यायच्या होत्या आणि शेजारणींना सोडायला ते कधी नाही म्हणत नाहीत. “तुमचं होऊ द्या निवांत, मी त्या चहाच्या हॉटेलात हाय,” म्हणाले.

संकष्टीला राजूरला जत्राच असते. नारळ, दुर्वा, पेढ्यांचे ढीग, फुगेवाले, पायात येणारी पोरं. रांग उन्हात लांबवर गेलेली. आम्हा तिघींनाही उपास होता; मी उपासाच्या नावाखाली सकाळीच शेंगदाण्याचे दोन लाडू खाल्ले होते, शकूनं साबुदाणा. रेखानं मात्र चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नव्हतं. का, तर शकूनं तसं सांगितलं होतं. त्या एवढ्याशा पोरीनं उपाशी पोटी उन्हात उभं राहून गणपतीला काय मिळणार होतं, हे मी विचारलं. “असू दे, तुला न्हाई कळायचं,” शकू म्हणाली.

रांग जरा पुढे सरकली आणि रेखा पडली. पडताना “आई” एवढंच म्हणाली.

मग जे झालं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. सगळी रांग तिच्यावर झुकली. एकानं कांदा फोडून नाकाला लावला. दुसऱ्यानं फिट आलीय म्हणून हुंगवायला पायातली चप्पल काढली. एक आजी म्हणाली, देवाचं वारं आलं, कुणी हात लावू नका. आणि एका भल्या बाईनं बेशुद्ध पोरीच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशात काही गेलं तर ते गुदमरतं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. मी वर्षानुवर्षं शिकवलंय. मी बोट घालून पेढा बाहेर काढला, लोकांना ढकलून वारा मोकळा केला, तिला कुशीवर वळवलं. ती बाई माझ्यावरच चिडली. प्रसाद होता म्हणे.

रेखानं थोड्या वेळानं डोळे उघडले. आम्ही तिला बाजारातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बाहेर गर्दी होती. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला.

“बीपी लई कमी हाय. उपास का?”

“हो, संकष्टी,” शकू म्हणाली.

“दिवसबिवस न्हाईत ना?”

“न्हाई न्हाई डॉक्टर. पाळीचीच येळ हाय तिची.”

मी तिथेच रेखाच्या चपला हातात घेऊन उभी होते. मला संशय येण्याचं कारण नव्हतं. शकू खोटं बोलते हे मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी उपास आणि ऊन म्हणून सलाईन लावलं, बाटली संपली की घरी न्या म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. लग्न झालेली तरणी मुलगी चक्कर येऊन पडलीय, तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी, सासूच्या शब्दावर विसंबू नये, तिला स्वतःला एकदा विचारावं, हे त्यांना सुचलं नाही. शकू योगेशला फोन करायला बाहेर गेली.

तेवढ्यात रेखानं माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

“मावशी, खांदा लई दुखून राह्यला.”

“पडताना लागला असेल.”

“न्हाई, आधीपसून दुखून राह्यला. अन् पोटात कसंतरीच होऊन राह्यलं.” तिनं दाराकडे पाहिलं. “मावशी, मला दिवस गेलेत. दोन महिने होत आले. आत्याबाईंनी सांगितलं, तिसरा सरस्तोवर कुणाला बोलायचं न्हाई. मागच्या साली सांगितलं अन् लगेच गळालं. नजर लागली म्हणं. म्हणून यंदा दवाखान्यात बी गेलो न्हाई. वळखीचं कुणी तं भेटतंच तिथं.”

“डॉक्टरला का नाही सांगितलंस आत्ता?”

“डॉक्टरला बी न्हाई सांगायचं म्हणल्या.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीन महिने गुपित ठेवायची रीत आमच्याकडेही आहे. शेजारणीला सांगत नाहीत, नणंदेला सांगत नाहीत, इतपत मी समजू शकते. पण ज्यानं जीव वाचवायचा त्याच्यापासूनच लपवायचं? आणि कुणी, तर जिनं चौथीच्या पोरांना आरोग्याचे धडे शिकवले त्या बाईनं? मी दवाखाना दणाणून टाकला. “डॉक्टर, इकडे या! या मुलीला दिवस गेलेत, तिचा खांदा दुखतोय, पोट दुखतंय, आणि तुम्हाला खोटं सांगितलंय!”

बाहेरची सगळी गर्दी वळून बघायला लागली. शकू फोन कानाला धरून दारातच थिजली. डॉक्टर मात्र धावत आले. त्यांनी पोटावर हात ठेवला तशी रेखा किंचाळली. त्यांनी पुन्हा रक्तदाब घेतला, तो आणखी उतरला होता. “आत रक्त जाऊन राह्यलं. इथं न्हाई होणार. जल्दी जालन्याला न्या, एक मिनिट थांबू नका.” ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेली होती. त्यांनी दुसरं सलाईन लावून आपली नर्स आमच्याबरोबर दिली आणि जालन्याच्या रुग्णालयाला स्वतः फोन केला. चूक केली खरी, पण नंतर पळापळ केली, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं.

गौतम सरांनी नळ्या दुकानातच टाकल्या. रेखाला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर, पाय वर उचलून नर्सच्या मांडीवर. नर्सनं एका हातात बाटली धरली होती. शकू पुढे बसून गणपतीचं नाव घेत होती.

“मावशी, मी मरते का?” रेखानं विचारलं.

“गप्प बस,” मी म्हटलं. “डोळे मिटायचे नाहीत, माझ्याकडे बघ.” माझा आवाज मोठा होता, कारण लहान काढला असता तर फुटला असता.

जालना

जालन्याचं मी काहीही पाहिलं नाही. लोखंडाचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, सगळं काचेबाहेरून पळालं. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. योगेश कारखान्याच्या कपड्यांतच धावत आला. रक्त लागणार होतं. त्यानं दिलं, वय विचारण्यावरून वाद घालून गौतम सरही द्यायला उभे राहिले, आणि त्यांना परत पाठवलं तेव्हा त्यांनी गावातून दोन माजी विद्यार्थी बोलावून घेतले.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मध्यम वयाच्या, थकलेल्या, आणि माझ्याइतक्याच चिडलेल्या. मला लगेच आवडल्या. गर्भ पिशवीत रुजण्याऐवजी नळीत रुजला होता. नळी फुटली, पोटात रक्त साठलं. रक्त असं साठलं की त्रास खांद्याच्या टोकाला जाणवतो, आणि अंगातलं रक्त कमी झालं की माणूस चक्कर येऊन पडतं. गर्भ वाचण्यातला नव्हताच. एक नळी काढावी लागली. रेखा वाचली होती.

“आणखी उशीर केला असता तर मी काही करू शकले नसते,” बाई म्हणाल्या. “सलाईन लावून घरी नेणार होता म्हणे?”

मग मीच विचारायला सुरुवात केली, कारण घरी जाऊन हे सगळ्यांना सांगायचं होतं. गरोदरपणात चक्कर येतेच, असं सगळ्या बायका म्हणतात, ते खोटं का?

“येते की,” बाई म्हणाल्या. “पटकन उठलं, उपाशी राहिलं, उन्हात उभं राहिलं तर येते. डोकं हलकं वाटलं की बसावं, कुशीवर पडावं, शुद्धीवर असेल तर पाणी प्यावं, खावं. पण शुद्ध हरपून पडली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, पडण्याचं कारण आपलं आपण ठरवायचं नाही. आणि पाळी चुकलेली असताना चक्कर आली, सोबत पोटात दुखतंय, खांदा दुखतोय, अंगावरून लाल जातंय, यातलं एक जरी असलं तर घरी न्यायचंच नाही. सरळ मोठं रुग्णालय.”

“आणि पुढच्या महिन्यांत?”

“तेव्हा डोकं भयंकर दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, धाप लागणं, छातीत धडधड, झटके. पोटावर पडली असेल किंवा बाळ हलायचं कमी झालं असेल तरी यायचं. सातव्या-आठव्यात उताणी झोपून चक्कर येते कुणाला, तिला डाव्या कुशीवर वळवायचं.” मग त्यांनी योगेशकडे मोर्चा वळवला. “आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं ना? बायकोला एकदा तपासून आणलं असतं तर सोनोग्राफीत हे आधीच दिसलं असतं.”

तो ढसाढसा रडला. मला त्याची दया आली नाही. आजही फारशी येत नाही.

पुन्हा हसनाबाद

माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं. रेखाला घरी आणलं त्या दिवशी गाडीतून उतरण्याआधी शकू म्हणाली, “कुणी इचारलं तं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणायचं.”

त्या दुपारी स्वयंपाकघरात मी तिला धरलं. मला वाटलं होतं, ती रडेल, काही बोलेल. ती म्हणाली, “तू राजूरला भर दवाखान्यात ओरडलीस. शंभर लोकांनी ऐकलं. तिथंच नजर लागली.”

नळी फुटून पोरीचं पोट रक्तानं भरलं होतं, मी ओरडले ते त्यानंतर. हे तिला कळत नव्हतं असं नाही. गणित शिकवायची ती. पण दोष कुठेतरी ठेवायचा होता आणि स्वतःच्या दारात ठेवायची छाती नव्हती. मी तिला वाट्टेल ते बोलले. तुझ्या नजरेच्या भीतीपायी तिचा जीव जात होता, म्हटलं. शिकलीस कशाला, म्हटलं. तिनं आमटी ढवळणं थांबवलं नाही. मी दुसऱ्या दिवशीच निघायचं ठरवून पिशवी भरली.

संध्याकाळी आळीतल्या बायका रेखाला बघायला आल्या. ओसरीवर चटया टाकल्या, चहा झाला. रेखा बाजेवर उशीला टेकून बसली होती.

“अपेंडिक्स लई वाईट,” शेजारच्या काकू म्हणाल्या. “माह्या भावाचं बी फुटल्तं.”

“अपेंडिक्स न्हाई, काकू,” रेखा म्हणाली.

शकूनं मान वर केली. रेखा तिच्याकडे न बघता बोलत राहिली, आवाज बारीक होता पण अडखळला नाही. “मला दिवस गेल्ते. पिशवीत न्हाई, नळीत व्हतं. नळी फुटली. राजूरला चक्कर येऊन पडली ते त्याच्यानं. चार दिवस पोट दुखत व्हतं, खांदा दुखत व्हता, अन् मी कुणाला बोलले न्हाई. डॉक्टरला बी न्हाई.”

मला त्या पोरीला उचलून कडेवर घ्यावंसं वाटलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी कप गोळा करायला उठली. काकूंच्या मागे त्यांची नवी सून बसली होती, दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली. आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

“वहिनी,” ती हळूच म्हणाली, “खांदा कोणत्या बाजूचा दुखत व्हता?”

“तुला काय करायचं?” काकू फटकन म्हणाल्या. “तिला काही झालं न्हाई. परवा जरा चक्कर आल्ती, ऊन लागलं.”

मुलीनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी शकू उठली. तिनं चहाचं ताट खाली ठेवलं, कुंपणापाशी जाऊन गौतम सरांना गाडी काढा म्हणून हाक मारली आणि परत येऊन त्या मुलीसमोर उभी राहिली.

“चप्पल घाल,” ती म्हणाली. “अन् डॉक्टरनं इचारलं तं मी राजूरला सांगितलं तसं सांगू नको. खरं सांग.”